दगडू भोईरची कमरवाली

दगडू भोईरच्या शोकसभेची तारीख मधु केळकरने ठरवली आणि तिथेच शेण खाल्लं.

त्याच्या घरात कोणी गेलं की तेरावा मोठा. म्हणून तेरावा टाळून त्याने बाराव्याची संध्याकाळ धरली, आणि आपल्याच समजूतदारपणावर इतका खूश झाला की ठाण्याच्या वाचनालयाबाहेरच्या फळ्यावर मजकुराभोवती रंगीत खडूची किनारसुद्धा काढून आला. खाडीपलीकडे कळव्याला भोईरांकडे मोठं कार्य बाराव्यालाच असतं, रात्री भजन असतं, हे कोणाला तरी जाऊन विचारावं असं त्याच्या डोक्यात आलं नाही. शहापूरच्या शाळेत संस्कृतात पहिला आलेला मुलगा तो. सगळी माणसं एकाच पद्धतीने मरतात अशी त्याची समजूत होती.

चूक कळली ती ऐन बाराव्याच्या दुपारी. सभेत हार घालायला फोटो लागतो म्हणून तो कळव्याला दगडूच्या घरी गेला. अंगणात मांडव, चुलीवर मोठी भांडी, भावकीतली माणसं पत्रावळी उचलत होती. मधु उंबऱ्यातच गार झाला.

दगडूची बायको मालन बाहेर आली. "फोटू नाय," ती म्हणाली. "कोन काढनार त्याचा फोटू? तुमी काढलेलात?"

मधुने मान खाली घातली. मग त्याला खुंटीवरची गिटार दिसली आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "वहिनी, फोटो नाही तर ही तरी द्या. हिलाच हार घालू. दिवे लागायच्या आत परत आणतो."

आतून दगडूच्या आईने, बायजाने, विचारलं, "कोन हाय गो?"

"ठान्याचे हायेत. कमरवाली मागतान."

"रातच्या भजनाला पायजे ती, सांग त्याना."

"ऐकलंत ना?" मालन मधुला म्हणाली. "भजनाला हवी म्हनजे हवी. दिवे लागायचे आदी."

ती गिटार दगडूकडे आली लढाईच्या दिवसांत. कळव्याच्या मिठागरातलं काम सोडून तो कल्याणच्या मिलिटरी कॅम्पात भटारखान्यात भांडी घासायला लागला होता. तिथे थोडे महिने एक काळा अमेरिकन शिपाई होता. गोरे शिपाई त्याच्या पंगतीला बसत नसत. तो आपली थाळी घेऊन भटारखान्याच्या मागे येऊन बसायचा आणि जेवण झालं की गिटार काढायचा. दगडूला इंग्रजी येत नव्हतं आणि शिपायाला मराठी, त्यामुळे दोघांचं कधी भांडण झालं नाही. शिपाई फुटक्या बाटलीचा गळा बोटात घालून तारांवरून घसरवायचा, आणि ती तार माणसासारखी रडायची. दगडू गावी येऊन सांगायचा, "आमचा काला साहेब वाजवतो ना, तवा वाटतं आयेच धवला म्हनते."

कारण बायजा धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात ती धवले, म्हणजे लग्नाची गाणी, म्हणणार आणि मगच लग्न लागणार. तिचा तो आवाज, ओळीच्या शेवटी खाली उतरत जाणारा, दगडूने आईच्या दुधाबरोबर प्यायला होता. शिपाई निघून गेला आणि जाताना गिटार दगडूच्या हातात ठेवून गेला. गावातल्या पोरांनी गिटार पहिल्यांदाच पाहिली. "ही तर कमरवाली बाई," कोणीतरी म्हणालं आणि नाव पडलं.

पुढची नऊ-दहा वर्षं दगडू दिवसा मिठागरात आणि हळदीला कमरवालीबरोबर. कळवा, खारीगाव, पार डोंबिवलीपर्यंत लोक त्याला बोलवायचे. बायजा एक ओळ म्हणायची आणि दगडू ती ओळ तारेवर परत म्हणायचा, पण तशीच नाही. मध्येच एखादा शब्द गिळायचा, एखादा ताणायचा, आणि आईला चिडवायचा. बायजा गाता गाता त्याला शिव्या द्यायची. लोक नाचायचे थांबून मायलेकांचं हे भांडण ऐकत उभे राहायचे. ज्यांनी ते ऐकलं त्यांना आजही विचारा, ते आधी गप्प होतात, मग सगळे एकदम बोलायला लागतात.

मधुने ते ऐकलं होतं. ऑफिसातल्या तानाजी म्हात्रेच्या हळदीला तो टेबलफॅन आहेर द्यायला गेला होता आणि पहाटे अनवाणी परत आला होता. चप्पल कुठे राहिली ते त्याला अजून आठवत नाही. त्यानंतर त्यानेच हट्ट धरून दगडूला वाचनालयाच्या गणेशोत्सवात आणलं. दगडू विषमज्वराने गेला तेव्हा वयाची चाळिशी अजून लांब होती. सभा घ्यायची ही कल्पनाही मधुचीच.

सभेला अध्यक्ष मात्र त्र्यंबकराव दामले होते, कारण वाचनालयात काहीही झालं तरी अध्यक्ष त्र्यंबकरावच असत. टेबलावर गिटार उभी करून तिला शेवंतीचा हार घातला होता. कळव्याचं कोणीही आलं नव्हतं. कुठून येणार? ज्यांनी दगडूला मनापासून ऐकलं ते बहुतेक खाडीपलीकडे जेवणाच्या पंक्ती वाढत होते, आणि ज्यांनी नीट ऐकलं नव्हतं ते इथे त्याच्याबद्दल बोलत होते. ही व्यवस्था मधुनेच केली होती, म्हणून त्याला जास्त राग येत होता.

पहिले वक्ते म्हणाले की कै. दगडू यांच्या वादनात बीनची छटा होती. दुसरे म्हणाले, सतारीची. तिसऱ्यांनी ते मिठागरात काम करत असूनही किती स्वच्छ राहत, हे सांगितलं. मधु खुर्चीची कड घट्ट धरून बसला होता.

फक्त स्टेशनजवळचा सोडावॉटरवाला विठ्ठल बोलायला उठला तेव्हा हवेत थोडा जीव आला. "मला भाषण येत नाही," विठ्ठल म्हणाला. "दगडू माझ्याकडे यायचा, फुटक्या बाटल्या मागायला. बोटात गळा बसला नाही की म्हणायचा, ही बाटली बेसूर आहे. मी म्हणायचो, अरे, माझा सोडा पितोस तेव्हा नाही का बेसूर लागत? तर म्हणतो कसा, सोडा बेसूरच आहे, फुकट मिळतो म्हणून पितो." लोक हसले. विठ्ठल हसला नाही. "तो वाजवायचा ना, तेव्हा माझ्या या हातावर काटा यायचा. बस. आता बाटल्या फुटतात त्या फेकून देतो." आणि तो मटकन बसला.

मग त्र्यंबकराव उठले. उपरणं सारखं केलं. "दगडूसारखा अशिक्षित परंतु गुणी कलावंत," ते म्हणाले, "आपल्या नजरेला आला आणि आपण त्यास व्यासपीठ दिलं. तो गणेशोत्सव आपणा सर्वांच्या स्मरणात असेल. त्या रात्री ठाण्याने प्रथम त्याचे स्वर ऐकले."

मधुने खुर्चीची कड सोडली. त्या रात्री तोही होता. दगडूने पहिला धवला वाजवला आणि मागे उभे असलेले कोळी-आगरी पुढे सरकले, बायका उठल्या, दोन म्हाताऱ्यांनी फुगडीचा हात धरला. त्र्यंबकरावांनी पुढच्या खुर्चीतून हात वर केला आणि लाउडस्पीकरचा कर्णा बंद करायला लावला. म्हणाले, ही धांगडधिंग्याची जागा नाही. कर्णा गेला आणि दगडू क्षणभर थांबला. मग त्याने बाटलीचा गळा बोटात नीट बसवला आणि वाजवत राहिला, आधीपेक्षाही हळू. ऐकायचं तर जवळ यायला हवं होतं, म्हणून सगळं मैदान जवळ आलं. मान्यवरांच्या खुर्च्या गर्दीत कुठे गेल्या ते कळलंच नाही. श्वास घेतला तरी शेजारी रागावेल अशी शांतता. लहान मुलंसुद्धा रडली नाहीत. दुसऱ्या दिवशी त्र्यंबकरावांनी ठराव केला की पुढल्या वर्षापासून असले कार्यक्रम नकोत, आणि दगडूला पुन्हा कधी बोलावलं नाही.

मधुने मनातल्या मनात वाक्य जुळवलं. 'अध्यक्षमहाराज, कर्णा कोणी बंद केला होता?' तो उठणार इतक्यात बायकांच्या बाजूने आवाज आला.

"अहो, मग कर्णा कोणी बंद करायला लावला, तेही सांगा की."

त्या सुमतीबाई होत्या, त्र्यंबकरावांच्या पत्नी. मधुचं तयार वाक्य घशातच राहिलं.

"तो तांत्रिक बिघाड होता," त्र्यंबकराव म्हणाले.

"घरी तर वेगळंच म्हणाला होतात," सुमतीबाई म्हणाल्या आणि पदर सावरून खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मागे कोणीतरी खोकल्यासारखं हसलं. त्र्यंबकरावांचा चेहरा लाल झाला, पण भाषण लिहून आणलेलं असलं की माणूस थांबत नाही. "तर या थोर वाद्याचं जतन व्हावं म्हणून भोईर कुटुंबाने ते आपल्या वाचनालयास अर्पण केलं आहे," ते म्हणाले. "आजपासून ते आपल्या काचेच्या कपाटात राहील."

त्या कपाटात एक गंजलेली तलवार, एक शंख आणि पेंढा भरलेलं मुंगूस होतं. मुंगसाचा एक डोळा पडला होता.

टाळ्या वाजल्या. बाहेर उजेड कमी होत होता. मधु उठून सरळ टेबलाशी गेला.

"अर्पण वगैरे काही नाही," तो म्हणाला. "मी मागून आणलेली आहे. आज रात्री त्यांच्याकडे भजन आहे, तिथे लागणार आहे."

"मधु, खाली बस," त्र्यंबकराव हळू आवाजात म्हणाले. "त्या झोपडीत तिला वाळवी लागेल. आता वाजवणार कोण आहे तिथे?"

"ते त्यांचं त्या बघतील."

"आपण दगडूची आठवण जपतोय."

"जिवंत होता तेव्हा जपायची होती. तेव्हा तुम्हाला तो धांगडधिंगा वाटलेला. आता मुंगसाशेजारी ठेवायला बरा सापडला." मधुचा आवाज फाटला. इतका फाटला की त्याला स्वतःलाच लाज वाटली, आणि लाज वाटल्याचा आणखी राग आला. त्याने गिटारीची मान धरली. त्र्यंबकरावांनी दुसऱ्या बाजूने हार धरला. हार खुंट्यांत अडकला होता. दोघांनी एकदम ओढलं आणि टण्णकन तार तुटली.

तेवढा एकच सूर त्या सभेत वाजला.

त्र्यंबकरावांच्या हातात शेवंती राहिली. "ही चोरी आहे," ते म्हणाले. मधु गिटार घेऊन दाराकडे निघाला. विठ्ठल त्याच्यासाठी दार उघडून उभा होता.

पुलावरून जाताना मधु बरोबरच्या विठ्ठलला शिव्या देत होता. विठ्ठलला म्हणजे त्र्यंबकरावांना, सगळ्या वक्त्यांना आणि ती तारीख ठरवणाऱ्या गाढवाला. विठ्ठल सगळं ऐकून म्हणाला, "गाढव चालतंय बघ किती भराभर." खाडीवर अंधार पडत होता आणि कळव्यात दिवे लागले होते. टाळ ऐकू यायला लागले. भजन सुरू झालेलं.

मांडवात माणसं दाटीने बसली होती. मालन पुढे आली. तिने हातातून गिटार घेतली, कंदिलाजवळ नेली, लोंबणारी तार पाहिली.

"हे कोनी केला?"

"ओढाओढीत झालं, वहिनी. ते तिकडे ठेवून घेणार होते. मी भांडलो त्यांच्याशी."

"तुमी भांडलात, ते भांडले. तार आमची तुटली." ती ओरडली नाही, पण मांडवातले टाळ थांबले. "त्याला तिकडं नेऊन बंद केलात, तवा पन तुमीच नेलेलात. आज दिवसकार्याच्या दिवशी सभा. कोनाला इचारून? मेल्यावर पन तुमच्याच सवडीनं?"

त्र्यंबकरावांना सुनावताना मधुला आलेला जोर ओसरला. "चुकलं," तो म्हणाला.

"चुकलं नको. तार आनून द्या."

"रविवारी देतो. मुंबईतून आणतो."

मालन खाली बसली, गिटार मांडीवर आडवी घेतली, आणि पदराच्या गाठीतून बाटलीचा गळा काढला. मधु आणि विठ्ठल एकमेकांकडे बघायला लागले. गावात कोणालाच नवल वाटलेलं दिसलं नाही. कोपऱ्यात भिंतीला टेकून बायजा बसली होती. तिने डोळे मिटूनच ओळ उचलली. धवल्याचीच चाल, पण शब्द लग्नाचे नव्हते. मालनने ती ओळ तारेवर परत म्हटली. बोटं अडखळत होती. तुटक्या तारेशी आलं की सूर हुकायचा, मग ती दात आवळून दुसऱ्या तारेवर तो शोधायची, आणि सापडला नाही तर नुसती लाकडावर चापट मारायची, जोरात. दगडूसारखं ते मुळीच नव्हतं. दगडू आईला चिडवायचा. ही चिडली होती. बायजाने पुढची ओळ जरा वर नेली आणि हिने ती खाली खेचली, आणि मांडवातल्या बायका पदरात तोंड घालून रडायच्या त्या ताठ बसून ऐकायला लागल्या. विठ्ठलने आपला हात पुढे करून मधुला दाखवला. त्यावर काटा होता.

वाचनालयाने मधुचं नाव सभासदांतून काढून टाकलं. त्याला त्याचं काही वाटलं नाही, किंवा वाटलं तर त्याने बोलून दाखवलं नाही. तारेसाठी मात्र तो मुंबईत तीन दुकानं फिरला. पहिल्याने सतारीची तार दाखवली, दुसऱ्याने विचारलं, हवाइयन की स्पॅनिश, आणि मधुला ते माहीत नव्हतं. तिसरा म्हणाला, परदेशी माल बंद आहे, पुढच्या महिन्यात बघा. पुढच्या महिन्यात मधु गेला नाही, मग पावसाळा आला, मग त्याची बदली झाली. मालन आता हळदीला वाजवते, पाच तारांवर. खारीगावला तिला ऐकायला माणसं झाडावर चढतात, असं विठ्ठल सांगतो, आणि सांगून झालं की प्रत्येक वेळी विचारतो, "तारेचं काय झालं रे?"

"बघतो," मधु म्हणतो.