रोजचा आखरी दिन

मुलीच्या चार्टसाठी बायकोने काल खळ शिजवली आणि त्या आंबूस वासाने मला थेट खैरलांजीच्या रस्त्यावर नेलं. तेव्हा मी तिकडच्याच बालाघाटच्या एका टॉकीजचा प्रचार करायचो. गावोगाव पोस्टर चिकटवायचे आणि ऑटोतून भोंग्यावर ओरडायचं, “आज आखरी दिन!” सिनेमा कितीही चालणार असो, आमचा रोजच आखरी दिन.

एकदा आमच्याच गावात ओरडलो. आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवणी चालली होती. बाया चिखलाच्या पायांनीच सिनेमाला पळाल्या आणि धानाची उपटलेली रोपं बांधावर वाळत पडली. संध्याकाळी बाबा भडकले, “कोन होय तो भोंगेवाला? सापडला त तंगडीच तोडतो!”

मी म्हटलं, “हौ बाबा, तोडाच.”

इतकी वर्षं गप्प होतो. काल आईला सांगून टाकलं, तो मीच.

“मले तवाच समजलं होतं,” आई म्हणाली. “आवाज तुहा होता, म्हून त बायाईले म्हटलं, जा व, पाहून या. माहा पोरगा खोटं कायले बोलन?”

सिनेमा पुढे अकरा दिवस चालला, हे तिला अजून सांगितलेलं नाही.