एक जूनची मुलं

रंभाजी गुरुजींना मुलाची जन्मतारीख कुणाला विचारावी लागत नसे. आईनं मूल पुढे केलं की ते त्याचा उजवा हात धरून डोक्यावरून पलीकडे न्यायचे. बोटं डाव्या कानाला टेकली तर मूल सहा वर्षांचं. नाही टेकली तर आईला सांगायचे, "पुढल्या सालाला आना. हात अजून आखूड हाय." मग शाळेचं जनरल रजिस्टर उघडायचं, चालू सालातून सहा वजा करायचे आणि जन्मतारखेच्या रकान्यात ठळक अक्षरात लिहायचं, एक जून. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या आमच्या वाडीत अख्खी पिढी एक जूनला जन्मली. मीही त्यातलीच.

गुरुजी मूळचे घोडेगावचे. वडील तिथल्या जनावरांच्या बाजारात बैलांची दलाली करायचे. "माझा बाप बैलाचे दात बघून वय सांगायचा, मी पोरांचे कान बघतो. धंदा एकच हाय," असं ते हसत सांगायचे. सपाटीवरचा हा माणूस नोकरीच्या पहिल्या वर्षी आमच्याकडे आला, पहिल्या पावसात भातखाचराच्या बांधावरून तीनदा घसरला आणि निवृत्त होईपर्यंत बदली मागायला गेला नाही. दर शनिवारी ओट्यावर बसून साऱ्या शाळेची नखं कापायचे. आमच्या आयांना ते काम आपलं आहे हेच विसरायला झालं होतं.

एकदा मी नकाशा फाडला आणि नाही म्हणून सांगितलं. खोटं उघडं पडल्यावर त्यांनी मला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि शेजारी स्वतःही तसेच उभे राहिले. टोपी काढून हातात धरलेली. वर्ग खुसखुसत होता. मी हळूच विचारलं, "गुरुजी, तुम्ही का?"

"खोटं तू बोललीस. शिकवायला कमी मी पडलो. दोघांची शिक्षा."

तास संपेपर्यंत ते हलले नाहीत. त्या दिवसानंतर त्यांच्याशी खोटं बोलायची मला कधी हिंमत झाली नाही.

मी वकील झाले, पुढे सरकारी वकील. लहान मुलांवरच्या अत्याचाराचे खटले चालवणाऱ्या विशेष न्यायालयात काम करू लागले, आणि एके दिवशी आमच्याच वाडीतल्या एका मुलीची फाईल माझ्या टेबलावर आली. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही, कायदाही लिहू देत नाही. ती खालच्या गावात हायस्कूलला जीपनं जायची. जीपचा मालक दोन मुलांचा बाप होता. चार महिने तो तिला सगळ्यात शेवटी उतरवत होता आणि ती चार महिने गप्प होती.

साक्षीला ती दोन दिवस पिंजऱ्यात उभी होती. अशा खटल्यात मुलीचं बोलणं मनाला पटलं तर कोर्टाला दुसरा साक्षीदार लागत नाही, आणि तिचं बोलणं पटण्यासारखंच होतं. उलटतपासात तिला चार महिन्यांच्या गप्प राहण्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं गेलं. ती प्रत्येक वेळी एकच सांगत राहिली, "आयला कळलं तर शाळा बंद करील, म्हून." मला वाटलं, आपण जिंकलो. ती अठराच्या आतली असेल तर तिची संमती होती की नव्हती हा प्रश्नच कायदा विचारत नाही. फक्त वय सिद्ध करायचं राहिलं होतं. त्यासाठी शाळेचं रजिस्टर होतं आणि ते लिहिणारे रंभाजी गुरुजी होते. रजिस्टरप्रमाणे घटनेच्या वेळी ती सोळा वर्षांची होती.

वर्षानुवर्षं एक जूनला मी लोकांच्या शुभेच्छा घेत आले होते. तरीही ती फाईल वाचताना माझ्या डोक्यात काहीच आलं नाही. तिचीही तारीख एक जून दिसली, पुढचं पान उलटलं. ही चूक एक जूनला जन्मलेल्या माणसाच्याच हातून व्हावी, याची आजही लाज वाटते.

साक्षीच्या सकाळी गुरुजी धुवट धोतर-टोपीत कोर्टाच्या व्हरांड्यात बसले होते. मांडीवर तेच रजिस्टर. मला बघून म्हणाले, "शैला, त्यांनी विचारलं तारीख कुठनं आनली, तर?"

मला तेव्हा कळलं. मुलीचा जन्म घरातला, ग्रामपंचायतीत नोंद नाही. हाडांच्या तपासणीत डॉक्टरांनी सोळा ते अठरा लिहिलेलं, आणि अशा वेळी वरचं वय धरून फायदा आरोपीला मिळतो. सगळा भार त्या एका ओळीवर होता. 'आईनं सांगितली' एवढं ते म्हणाले असते तर निभावलं असतं. तसं सांगा, असं मी म्हणाले नाही. तसं सांगू नका, असंही म्हणाले नाही. पुकारा झाला तसे ते रजिस्टर काखेला मारून आत गेले.

आरोपीचे वकील हुशार होते. त्यांनी गुरुजींना ते पान मोठ्यानं वाचायला लावलं. हजेरी घ्यायच्या सवयीच्या आवाजात गुरुजी एकेक नाव वाचत गेले आणि प्रत्येक नावापुढे एक जून. मुलीचं नाव आलं तिथे त्यांनी बोट ठेवलं.

"गुरुजी, ही तारीख कशावरून लिहिली?"

"अंदाजानं. हात कानाला लागला म्हून."

"म्हणजे मूल पाच वर्षांचं असू शकतं, आठचंही असू शकतं?"

"आसू शकतं." मग न विचारता त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या वकीलबाई बी माझ्याच. त्यांची बी एक जूनच."

कोर्टात हशा पिकला. न्यायाधीश हसले नाहीत, आणि ती मुलगीही नाही.

निकालपत्र मी तिला वाचून दाखवलं. ती अठरा वर्षांखालची होती हे सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही. त्यामुळे तिच्या चार महिन्यांच्या गप्प राहण्याचा अर्थच बदलला. लहान मुलीचं गप्प राहणं भीतीचं मानलं जातं, तिच्या बाबतीत तेच संमतीचं असू शकतं असा संशय निघाला. संशयाचा फायदा आरोपीला मिळाला. बाहेर तिच्या आईनं निकालाला आलेल्या गुरुजींना गाठलं. ती ओरडली नाही. "गुरुजी, एक डाव खोटं बोलला आसता तर काय झालं आसतं?"

गुरुजींनी टोपी काढून हातात धरली आणि तसेच उभे राहिले. मग मला म्हणाले, "बापाचा अंदाज चुकला तर बैल घेनारा दुसरा बैल बघायचा. मी काय करू?"

त्यानंतर त्यांनी बाळांच्या जन्मतारखांची एक वही केली आणि सत्तरी ओलांडलेल्या वयात डोंगर चढायला सुरुवात केली. कुठे बाळंतीण असल्याचं कळलं की पहिल्या आठवड्यात हे दारात हजर. "नाव मागनं ठेवा. तारीख आज लिवा," एवढंच बोलायचे आणि बाळाच्या बापाला ग्रामपंचायतीत घेऊन जायचे. आळस करणाऱ्याला शाळेतल्यासारखा दम भरायचे. कुणी कुणी त्यांना हसायचं.

त्या मुलीची खरी तारीखही त्यांनी शोधून काढली. तिच्या आईला एवढं आठवत होतं की मुलीच्या जन्माआधी तीन दिवस शेजारच्या पाड्यावरची एक बाई तालुक्याच्या दवाखान्यात बाळंत झाली होती. गुरुजींनी ती बाई शोधली, तिच्या मुलाचा दाखला मिळवला आणि बोटांवर तीन दिवस मोजले. घटनेच्या वेळी मुलगी सोळा वर्षं चार महिन्यांची होती. तो कागद मी अपिलात जोडला. अपील अजून पडून आहे.

गुरुजी गेल्या पावसाळ्यात गेले. दहाव्याला ती मुलगी आली होती, आता नर्सिंग शिकते. सगळे पांगल्यावर माझ्याजवळ आली.

"बाई, माझ्या खऱ्या तारखेला गुरुजी दर वर्साला घरी यायचे. डोक्यावर हात ठेवून एकच बोलायचे, 'पोरी, चुकलो मी. तू न्हाई.'" मग ती म्हणाली, "कोर्टात आसं कुनीच म्हनलं न्हाई."

मी तिची वकील होते. दोन दिवस तिच्यापासून दोन हातांवर उभी होते, निकाल मीच वाचून दाखवला होता, आणि हे एवढं वाक्य मलाही सुचलं नव्हतं. यंदा त्या तारखेला मी डोंगर चढून तिच्या घरी गेले. तिनं दार उघडलं तेव्हा उंबऱ्याबाहेर उभी राहूनच मी ते म्हटलं.