बॅकला खेळणारा भाचा

माझ्या मेव्हणीच्या मुलासारखा वाटेत उभा राहणारा माणूस अख्ख्या कुवेतमध्ये दुसरा सापडायचा नाही. त्या शनिवारी आम्ही दोघांनी मिळून फ्रीज वर चढवला, तेच आमचं शेवटचं रोजच्यासारखं काम. हवल्लीतली जुनी इमारत, लिफ्ट बंद, आणि हे धूड जिन्याच्या वळणावर फ्रीज सोडून हात पसरून उभं. का, तर वरून एक मिसरी, म्हणजे इजिप्तची, बाई उतरत होती. "काका, यू होल्ड. मी तिला कव्हर करतो." फ्रीजखाली मी, आणि हा बाईला कव्हर करणार! वरून बायको ओरडली, "अहो, पोराला बोलू नका, उद्या त्याची प्रॅक्टिस आहे."

साडू-मेव्हणी सुट्टीवर गावी गेली की ही ब्याद आमच्याकडे. कॉलेजचं पहिलं वर्ष. फुटबॉलमध्ये बॅकला खेळायचा, म्हणजे मैदानाबाहेर बाकावर बसायचा. तिथे जे तुंबायचं ते घरात निघायचं. न्हाणीच्या दारात, बेकरीत खुबुसच्या रांगेत, जिथे तिथे पाय फाकवून उभा. मी दिवसभर लोकांचे ए.सी. दुरुस्त करून उन्हात भाजून यायचो आणि हा मला माझ्याच घरात शिरू द्यायचा नाही. आरतीला तर गणपतीकडे पाठ करून उभा राहिला. मी कानफटात देणार तेवढ्यात म्हणतो, "काका, बॅकवाल्याची पाठ गोलकडेच असते. समोरच्यांवर नजर ठेवायची." समोर कोण, तर टाळ वाजवणारी आमचीच माणसं!

एकदाचं कोचने त्याला खेळायला घेतलं. बायको नारळाच्या वड्यांचा डबा घेऊन मैदानावर हजर. ह्या शहाण्याने डोक्याने बॉल मारला तो थेट आपल्याच गोलात. तिला काय कळतंय? गोल झाला एवढं दिसलं. धावत गेली, दोन्ही टीमना वड्या वाटल्या, रेफरीला वाटल्या, कपाळाला हात लावून बसलेल्या कोचलाही दिली. "आमच्या पोराने मारला हो!" मी तोंड उघडलं तर ह्याने माझ्यावरच डोळे वटारले. शेवटपर्यंत तिला कळू दिलं नाही.

तरी कोचने त्याला दुबईच्या स्पर्धेला निवडलं. ह्या वेळी बाक नाही, पहिल्यापासून मैदानात. व्हिसासाठी त्याचा पासपोर्ट कॉलेजात गेला आणि बायको मारुतीला नारळ बोलली.

त्या शनिवारी फ्रीज जागेवर बसला, तिने त्यात दूध ठेवलं, "दमले बाई" म्हणाली आणि खाली बसली ती बसलीच. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. कुवेतमध्ये आपल्या माणसांना अग्नी देता येत नाही. पेटी गावी न्यायची, सोबत घरचं कोणीतरी जायचं. माझा पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, चावी मुदीर म्हणजे साहेबाकडे, आणि साहेब सुट्टीवर देशाबाहेर. फोनवर मी पाया पडलो, मग शिव्या दिल्या. काही उपयोग नाही. भाचा शेजारी बसून ऐकत होता. मी म्हटलं, "तू दुबईला जा. वर्षभर बाक घासलायस."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कॉलेजात गेला, कोचला जर्सी परत दिली आणि आपला पासपोर्ट मागून आणला. "काका, मावशीला मी नेतो. तुम्ही मागून या." सवाष्णीला काय नेसवतात ते त्याने गावी आईला फोन करून विचारलं होतं. मग तिचं कपाट उघडलं आणि हिरवं पातळ शोधत बसला.