जिन्यावरची निळी तार

भोपाळच्या कोलार रोडवरचं आमचं घर बांधून होईपर्यंत इंटरनेटच्या तारेसाठी भिंतीत पाइप टाकायचं कोणाला सुचलंच नाही. विजेचे पाइप टाकले, टीव्हीचा टाकला, आणि पुढचे दोन महिने मी फक्त टाइल्स निवडल्या. नवऱ्याने ‘आता वायफायचा जमाना आहे’ म्हणून विषय संपवला. मलाही ते पटलं, कारण माझं सगळं लक्ष भिंतींच्या रंगात होतं.

अडचण होती सासऱ्यांची. वायफायचा डबा खालच्या हॉलमध्ये, आणि त्यांची खोली वरच्या मजल्यावर पार मागे. बाबा मूळचे नागपूरचे. भोपाळच्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात विजेच्या मोटारींचं वाइंडिंग, म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी, करण्यात त्यांचं उभं आयुष्य गेलं. निवृत्त झाल्यावर दर रविवारी सकाळी ते आयटीआयच्या दहा-बारा मुलामुलींना कॉम्प्युटरवरून वाइंडिंग शिकवायचे. आठवडाभर तयारी चालायची, कागदावर आकृत्या निघायच्या, शनिवारी सदऱ्याला इस्त्री व्हायची. आणि नेमकं गुंडाळी दाखवताना चित्र थिजायचं. मग पलीकडून आवाज यायचा, ‘सर, आप अटक गए.’

‘तार टाकू,’ बाबा म्हणाले.

नवऱ्याचं म्हणणं, वरच्या मजल्यावर आणखी एक डबा बसवू, सिग्नल पोचेल. बाबांनी मान हलवली. ‘तार कुठं तुटली तर सापडते बेटा. हवेत काय शोधशील?’

मी म्हटलं, ‘बाबा, पण ती दिसेल हो.’

‘दिसू दे ना. काही चोरीची आहे का?’

नवरा दौऱ्यावर गेला आणि बाबांनी एका दिवसात काम उरकलं. हॉलमधून जिन्याच्या भिंतीवरून वरपर्यंत निळी तार, वीतभर अंतरावर खिळ्याची एकेक क्लिप, वळणावर अलगद गोलाई. दोन्ही टोकांना लागणारे प्लास्टिकचे जॅक त्यांनी स्वतः पकडीने दाबून बसवले. पुढचे कितीतरी रविवार वर्ग एकदाही अडकला नाही. काम देखणं होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला फक्त माझ्या हस्तिदंती भिंतीवरचा निळा ओरखडा दिसत होता.

संक्रांतीचं हळदीकुंकू नव्या घरात पहिल्यांदाच होतं. मराठी मंडळाच्या बायका येणार होत्या, शिवाय चार इमली या बड्या अधिकाऱ्यांच्या वस्तीतल्या एक वहिनी. त्यांचे साहेब मोठ्या हुद्द्यावर, बंगल्यात झाडं सुद्धा रांगेत उभी. मागे एकदा त्या येऊन गेल्या तेव्हा जिन्याकडे बघून म्हणाल्या होत्या, ‘अरे, काम चालू है क्या अभी?’ ते वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलं होतं. बाबा दुपारी जुन्या मित्राकडे तिळगूळ द्यायला गेले, आणि मी पक्कड घेऊन जिन्यावर चढले. एकेक क्लिप उपटली, तार गुंडाळली आणि कपाटामागे कोंबली.

बायका आल्या. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं, माझ्या चिवड्याची तारीफ झाली. भिंतीकडे एकीनंही पाहिलं नाही. चार इमलीच्या वहिनी आल्याच नाहीत.

बाबा परत यायच्या आत तार लावायची म्हणून मी घाई केली. त्याच भोकांत खिळे ठोकत वर चढले. वळणावरच्या क्लिपला हातोडी जरा जोरात बसली, आणि खिळा भिंतीत न जाता कशात तरी मऊसर रुतला. मला ते हाताला कळलं. खिळा तारेतच गेला होता. वरून क्लिप तर नीट दिसत होती. मी हातोडी जागेवर ठेवली आणि कप-बशा विसळायला गेले.

रविवारी वर्ग सुरूच झाला नाही. बाबांनी आधी जॅक बघितला, मग म्हणाले, ‘दाब बसला नसेल नीट.’ कापून नवा बसवला. तरी नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना आतल्या बारीक तारांचे रंग चटकन ओळखू यायचे नाहीत. त्यांनी मला हाक मारली. मी शेजारी बसले आणि त्या आठ केसासारख्या तारांचे रंग वाचून दाखवू लागले. पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी. त्यांची बोटं सावकाश चालत होती, तरी तारा बरोबर ओळीत लागत होत्या. एक टोक झालं, दुसरं झालं. परत पहिलं. दर वेळी ते माझ्याकडे बघून विचारायचे, ‘बरोबर सांगितलं ना तू?’ आणि मी म्हणायचे, ‘हो बाबा.’

तेवढं मात्र खरं होतं. पण जिन्याच्या वळणाकडे बोट दाखवायला माझा हात उचलला नाही. आधी वाटलं, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी वाटलं, काल का नाही सांगितलं म्हणतील. मला लाज वाटत होती आणि ती लाज झाकायला मी गप्प बसत होते. त्या गप्प बसण्याची आणखी लाज.

चौथ्या दिवशी त्यांनी जॅक दाबायची पक्कड कापडात गुंडाळली. ‘हात गेला माझा,’ म्हणाले. रागाने नाही, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. त्याच संध्याकाळी त्यांनी मुलांना कळवून टाकलं की वर्ग बंद.

तेव्हा पुन्हा दौऱ्यावर असलेला नवरा परत आला. त्याने वरच्या मजल्यावर दुसरा डबा बसवला, तार उपटून कबाडीवाल्याला दिली आणि म्हणाला, ‘मी आधीच सांगत होतो.’ तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. नव्या डब्याने वर सिग्नल उत्तम येतो. बाबा त्यावर बातम्या बघतात. मुलांचे फोन यायचे, तर म्हणायचे, ‘ज्याला स्वतःला एक जॅक बसवता येत नाही, तो तुम्हाला काय शिकवणार?’

शेवटी होळीच्या सुमारास एका दुपारी मी त्यांच्यासमोर जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. हळदीकुंकू, पक्कड, वळणावरचा खिळा. ‘तुमचा हात ठीक आहे बाबा, तार मी फोडली,’ म्हणताना मला रडू फुटलं.

बाबांनी शांतपणे ऐकलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला.

‘काहून सांगून राहिली असं? माझं मन राखायला स्वतःवर घेते का? मी काय लहान पोरगा आहे?’

मी शपथ घेतली. तर हसले. दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हतं, ना तार, ना खिळा. भिंतीवरची भोकं सुद्धा मीच पुट्टी भरून रंगवून घेतली होती.

संध्याकाळी त्यांनी नागपूरला माझ्या नणंदेला फोन लावला. मी पोळ्या लाटत होते. त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. ‘आपल्या घरची सून पाह्य,’ ते सांगत होते, ‘म्हाताऱ्याला वाईट वाटू नये म्हणून माझी चूक स्वतःच्या अंगावर घेऊन राहिली.’