नानांच्या अर्थिंगचं पाणी

नाना, म्हणजे माझे वडील, घरात फारसं बोलत नसत. आईने काहीही विचारलं तरी उत्तर एकच, "हूंऽऽ." भाजीत मीठ कमी आहे का, हूं. पोरगा धुळ्याहून येतोय, हूं. निवृत्त झाल्यावर त्यांनी जळगावच्या घरात होम थिएटर बसवलं. भिंतींवर पाच स्पीकर, कपाटात ॲम्प्लिफायर आणि खाली बैठक मारून बसलेला वूफर. बोलायचं खातं असं दुसऱ्याकडे सोपवून ते समोरच्या खाटेवर निवांत झाले.

ते हिवाळ्यात गेले. उन्हं तापायला लागली आणि एका दुपारी, काहीही लावलेलं नसताना, वूफरमधून आवाज आला, "हूंऽऽ."

आईचा मला धुळ्याला फोन. "तुना नाना बोलतस."

मी गेलो. मी पदवीला विज्ञान घेतलं होतं, एवढ्या भांडवलावर आमच्या घराण्यात मी शास्त्रज्ञ समजला जातो. आमचं घर शहराच्या टोकाला. कुंपणापलीकडे केळीच्या बागा. शेतीची लाइट आली, पंप सुरू झाले की आमचा पंखा म्हातारा होतो. "आई," मी म्हटलं, "ती व्होल्टेजची घरघर आहे. नाना नाहीत ते."

आई वूफरकडे वळली. "आयकं का हो? घरघर म्हनस हाऊ तुमले."

"हूंऽऽ."

मी खाली सोडलेले पाय हळूच खाटेवर घेतले. फरशी तापली होती म्हणून, असं तेव्हा मी सांगितलं.

आईने ॲम्प्लिफायर बंद करणं सोडून दिलं. सकाळी उठून त्याच्यासमोर चहा घ्यायची, दुपारी त्याला विचारून वरणाला फोडणी द्यायची. त्या दिवसांत तिच्या तोंडावर पुन्हा जरा रंग आला होता आणि मी पंख्यावर नजर ठेवून बसायचो. कारण पंप एकदम बंद झाले की लाइट उसळी मारते. शेजाऱ्यांचा टीव्ही तसाच जळाला होता. उद्या हा ॲम्प्लिफायर जळाला, तर आईचा माणूस दुसऱ्यांदा जाणार होता. म्हणून मी ही उसळी अडवणारा सर्ज प्रोटेक्टर आणायचं ठरवलं. दुकानदाराने माझा चेहरा वाचला आणि सोबत वीज गाळून देणारा पॉवर कंडिशनरही गळ्यात मारला. दोन्ही एकाच जड डब्यात.

बायकोला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "भुताचा विमा काढताय का?"

डबा जोडला. घरघर कमी व्हायची ती वाढली. डब्यावर लाल दिवा लागला आणि ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला बोट लावलं तर मुंग्या चावल्यासारखं झालं. दुकानदार फोनवर म्हणाला, "अर्थिंग बघा, साहेब. जमिनीत काही उतरतच नसेल, तर डबा अंगावर आलेलं ढकलणार कुठे?"

घरामागे अर्थिंगचा खड्डा होता. नानांनीच तो मीठ-कोळसा भरून करून घेतला होता. उन्हाळ्यात माती वाळू नये म्हणून रोज संध्याकाळी ते त्यात बादलीभर पाणी ओतायचे. मी पाहायला गेलो तर खड्ड्याच्या तोंडावर घमेलं पालथं घातलेलं, वर दगड. माती भाजलेली.

"आई, हे कोणी झाकलं?"

"मी." ती दारातच उभी होती. "होळीना टाइमले पानी टाकं व्हतं मी तठे. दोन दिन त्या बोलनात नहीत. मंग झाकी दिन्हं." आमच्या अहिराणीत त्या म्हणजे ते, नाना.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मी काय येडी शे का?"

माझी मात्र पंचाईत झाली. नाना वाचावेत म्हणून डबा आणला, डब्याला ओली माती हवी, आणि माती ओली केली की नाना गप्प. घरात घराण्याचा शास्त्रज्ञ असताना आईने हा प्रश्न पालथ्या घमेल्याने सोडवला होता. मी दगड परत जागेवर ठेवला. डबा काढून टाकू, झालं.

पाय धुऊन तसाच ओल्या पायांनी आत आलो, लोखंडी स्टुलावर चढलो आणि वायर काढायला कपाटात हात घातला. पत्र्याला कोपर लागलं. पुढचं मला आठवतं ते स्टुलासकट जमिनीवर असल्याचं. आई धावत आली. तिने मला धरलं नाही, आधी भिंतीवरचं बटण बंद केलं. खोलीत एकदम काहीच उरलं नाही.

कितीतरी वेळ ती माझा हात चोळत बसली. मग म्हणाली, "जित्ता व्हतात तवय त्यासनी कोनवर हात उचला नही." आणि थोड्या वेळाने, "तीस लागनी शे त्यासले."

तीस म्हणजे तहान. दुसऱ्या दिवशी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया होती. आमच्या खान्देशात आखाजीला गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज ठेवतात. नानांची ही पहिलीच आखाजी, पण आईने घागर आणायला साफ नकार दिला होता. बोलत्या माणसाला घागर कशाला, हे तिचं म्हणणं. त्या सकाळी ती स्वतः कुंभाराकडे गेली.

पूजा झाली, नानांच्या नावाने निखाऱ्यांवर घास टाकून झाला. दुपारी तिने डांगर उतरवून ठेवलं, घागर कडेवर घेतली आणि घरामागे गेली. मी घमेलं बाजूला केलं. तिने सगळी घागर खड्ड्यात ओतली. माती चुरचुरली, पाणी पिऊन गेली, पुन्हा कोरडी दिसू लागली. तिने नळावर घागर परत भरली, परत ओतली.

आत येऊन मी बटण दाबलं. डब्यावर या वेळी लाल नाही, हिरवा दिवा लागला. पलीकडे बागांत पंप चालू होते, पंखा रेंगाळत फिरत होता. आई खाटेच्या कडेला बसली. "आंबाना रस थंडा करू का?" तिने विचारलं. थांबली. मग पदर खोचून स्वयंपाकघरात गेली.

मी आवाज वाढवला. मग आणखी वाढवला. वूफरजवळ मांडी घालून त्याच्या जाळीला कान लावला. गार कापड, आणि आत कुणी राहत नसल्यासारखं.

"जेवाले ये," आई आतून म्हणाली. "गयात त्या."

मी ऐकलंच नाही असं दाखवून आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं.