एक बोट अलीकडे थांबणारी काठी

नागपूरबद्दल लिहा, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणी कळवतात. संत्री कुठे घ्यायची, सावजी कुठे खायचं, दीक्षाभूमीला कधी जायचं, सगळं विचारता. मी नागपूरला चारदा गेले आहे, पण लिहायचं तर पहिल्या वेळेबद्दलच लिहीन. ते वाचून तुमची सहल ठरेलच असं काही नाही.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी पंचवीस वर्षांची, जळगावातल्या एका मुलींच्या शाळेत पीटी शिकवायचे. पीटी म्हणजे सावधान-विश्राम आणि गॅदरिंगच्या आधी लेझीम. आमच्या मुख्याध्यापिकांनी कुठल्याशा शिबिरात कोराडीच्या मुलींची काठी पाहिली आणि ध्यासच घेतला. "काठी सणसणत येते हो, आणि समोरचीच्या कानापाशी गपकन थांबते! एकीलाही खरचटत नाही. सव्वीस जानेवारीला आपल्याकडे अस्संच व्हायला हवं." पत्र गेलं, उत्तर आलं, आणि डिसेंबरात दहा दिवसांची रजा देऊन बाईंनी मला गाडीत बसवलं. खरचटत नाही, हे मलाही फार आवडलं होतं.

सकाळच्या गाडीने निघाले. भुसावळला चहा, मलकापूरच्या पुढे दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, बडनेऱ्याला शेजारच्या आजींनी आग्रहाने दिलेली ज्वारीची भाकर आणि ठेचा. वर्धा गेलं आणि खिडकीतून गारठा आत शिरला. जळगावची थंडी ती थंडी नव्हेच, हे नागपूर स्टेशनावर उतरल्यावर कळलं. आणखी एक गोष्ट तिथे कळली, ती तुम्ही आधीच लक्षात ठेवा: डिसेंबरात विधानसभेचं अधिवेशन असतं. सीताबर्डीवरच्या तीन लॉजांनी मला दारातूनच परत पाठवलं. शेवटी ट्रंक उचलली आणि कोराडीची बस धरली.

कोराडीत वीजकेंद्र आहे. कोळशाचे ट्रक, कर्मचाऱ्यांच्या वसाहती, आणि सगळ्यावर राखेचा एक थर. दोरीवरचे कपडे काढले की आधी झटकायचे, मग घडी घालायची. काठी शिकवणाऱ्या कौसल्याताई वसाहतीतल्या बालवाडीच्या शिक्षिका. चाळिशीच्या, बुटक्या, आवाज इतका बारीक की बालवाडीची पोरं तरी ऐकतात कशी, असं मला वाटलं. लॉज मिळाला नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग इथीच राहा, बाई. मी एकटी, खोल्या दोन."

त्यांचे वडील गिरणीकामगार, राहायला इंदोऱ्याला. वस्तीतल्या पोरांना काठी शिकवायचे, आणि मुलगा नव्हता म्हणून मुलीलाही शिकवली. "छप्पन साली बाबानं घरातले देव सोडले," ताई म्हणाल्या, "पन काठी नाई सोडली."

वर्ग सकाळी सहाला, वसाहतीमागच्या मैदानावर. बारा मुली, पांढरे सलवार-कुडते, ओढणी कमरेला बांधलेली. पहिल्या सकाळी मी नुसती बघत राहिले. काठी खांद्यावरून फिरून खाली यायची, हवा कापल्याचा आवाज यायचा, आणि समोरचीच्या कानशिलापासून बरोबर एक बोट अलीकडे ती थांबायची. बोट घालून मापायच्या ताई. त्यांच्या वर्गाचा सगळा मान त्या एका बोटात होता. काठी चुकून अंगाला लागलीच, तर मारणारीने वाकून 'चुकली' म्हणायचं आणि त्या दिवसापुरतं बाजूला बसायचं. "लागली तं आपली हार," ताई म्हणायच्या. "थांबली तं आपली जीत."

सगळ्यांत देखणं थांबायची सुजाता. एकोणीस वर्षांची, चार वर्षं वर्गात, दुपारी नागपूरला टायपिंग शिकायला जायची. वडील केंद्रात कोळशाच्या बाजूला कामाला. मला शिकवायचं काम ताईंनी तिच्याकडेच दिलं. चार दिवसांत माझे तळहात सोलले, पण काठी बोटावर थांबायला लागली. मी खूश. सव्वीस जानेवारीच्या टाळ्या ऐकू यायला लागल्या होत्या.

रविवारी शाळेसाठी काठ्या घ्यायला आम्ही तिघी लकडगंजला गेलो. तिकडे कुणी गेलात तर नाकातोंडाला रुमाल बांधायची तयारी ठेवा, आरायंत्रांचा भुसा हवेत भरलेला असतो. ताई एकेक बांबू फरशीवर आपटून कान देऊन ऐकत होत्या. दुकानदाराला राहवेना.

"काय जी, मांडव टाकून राहिल्या का?"

"पोरी शिकतेत. काठी."

"पोट्ट्या शिकून राहिल्या? मंग नवऱ्यायचं काय होईन?"

"ते घरी जाऊन बायकोले विचारा," ताई त्याच बारीक आवाजात म्हणाल्या. दुकानदार हसला आणि त्याने भाव कमी केला.

नंतर एका सावजी खानावळीत शिरलो. तिघी बायका बाकावर बसलेल्या बघून सगळ्यांचे घास हातातच राहिले. रस्सा काळपट-लाल, वर तेलाचा तवंग. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी, सुजाता ओढणीत तोंड खुपसून हसते आहे. सावजी मागवाल तेव्हा भाकर जास्त घ्या आणि बढाई कमी मारा. त्या दुपारी आम्ही खूप हसलो. म्हणूनच ती दुपार इतकी लक्षात आहे.

ताई आईला भेटायला इंदोऱ्याला गेल्या. मी आणि सुजाता आठ काठ्यांची मोळी घेऊन कोराडीच्या बसने परतलो. थांब्यापासून वसाहत वीस मिनिटांवर, दिवस मावळतीला, रस्त्याच्या कडेला रिकामे ट्रक उभे. दोन माणसं ट्रकामागून आली. एक जण "येवढ्या काठ्या कोनासाठी वं?" म्हणत आडवा झाला आणि त्याने सुजाताची ओढणी धरली.

सुजाताने माझ्या हातातल्या मोळीतून एक काठी ओढली. पाय बरोबर पडला, खांदा बरोबर फिरला, आवाजही तोच. त्या माणसाने डोळे मिटून घेतले. आणि काठी त्याच्या कानशिलापासून एक बोट अलीकडे थांबली.

त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा. काठीकडे पाहिलं, सुजाताकडे पाहिलं, आणि हसायला लागला. "अरे, हे तं मारतच नाई!" असं दुसऱ्याला सांगून त्याने काठी धरली आणि पिरगाळली. सुजाताचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला.

माझ्या हातात सात काठ्या होत्या. मी त्या छातीशी धरून उभी राहिले. ओरडलेसुद्धा नाही. तेवढ्यात पाळी सुटलेल्यांची बस आली, माणसं उतरली, आणि ते दोघं ट्रकांमधून पसार झाले. तक्रार दिली. ते सापडले नाहीत.

दुसऱ्या सकाळी सुजाताचे वडील सायकल घेऊन ताईंच्या दारात आले. आत या म्हटलं तरी आले नाहीत. "चार वर्सं पोरीले पाचले उठवून धाडलं, ताई. लोकं म्हनत होते काहून धाडतो, तरी धाडलं. कशासाठी? थांबाचं शिकासाठी?" त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं. "आता नाई येनार ती."

दोन दिवस वर्ग झाला नाही. मैदानावर राख साचत गेली. मी ट्रंक भरायला घेतली, आणि जाण्याआधी संत्री घेऊन सुजाताला भेटायला गेले. खरं तर माफी मागायला गेले होते, पण तिने बोलूच दिलं नाही.

"मॅडम, सगळे म्हंतेत मी घाबरली. नाई घाबरली मी. मले माराचंच होतं त्याले." प्लास्टरमधल्या बोटांकडे बघत ती म्हणाली, "हातच थांबला. माया हात मायंच आयकत नाई."

ते मी ताईंना सांगितलं तेव्हा त्या भाकर थापत होत्या. थापणं थांबलं. पिठाचे हात तसेच ठेवून म्हणाल्या, "बाबा सांगे, आपल्या काठीनं कोनाचं रक्त निंघालं तं पोलिस अख्ख्या वस्तीले उचलतीन. म्हून थांबाचं. काठी दिसली पायजे, लागाले नाई पायजे. त्याच्या टायमाले ते खरंच होतं, बाई. मी तेच पुढे देत रायली. पोरीले सोडवाचं कसं ते नाई शिकवलं." तव्यावरची भाकर करपत होती. मीच ती उतरवली.

उजाडायच्या आत त्या सुजाताच्या घरी गेल्या. वडिलांना म्हणाल्या, "एक सकाळ द्या. मंग तुमी म्हनसान तसं."

सगळ्या आल्या. सुजाताही आली, हात गळ्यात. वडील मैदानाच्या कडेला सायकल धरून उभे राहिले. ताईंनी पदर खोचला, काठी न घेता मधे उभ्या राहिल्या आणि मांडीवर हात मारला. "इथी मारा. एकेक जन."

पहिली आली. काठी एक बोट अलीकडे थांबली. दुसरीची निसटती लागली, आणि ती सवयीने वाकून "चुकली" म्हणाली. "चुकली म्हनू नोको," ताई म्हणाल्या. "पुन्यांदा." कुणी काठी अर्ध्यातच खाली घेत होती, कुणी रडत होती. मग सुजाता. तिने काठी डाव्या हातात धरली.

थांबली.

पुन्हा थांबली.

"काहून थांबते वं?"

"तुमाले लागन, ताई."

"लागू दे."

तिसऱ्या वेळी काठी थांबली नाही. तो आवाज वेगळाच होता, ओला. ताईंचा गुडघा वाकला, हात जमिनीवर टेकला, पांढऱ्या पातळाला राख लागली. कुणीही पुढे धावलं नाही. त्या उठल्या, पाय ओढत पुन्हा जागेवर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अशी." सुजाता रडत होती, पण वाकली नाही. वडिलांनी सायकल वळवली. जाता जाता, कुणाकडेच न बघता म्हणाले, "उद्या उठवतो तिले पाचले."

निघायच्या दिवशी ताईंनी मलाही काठी दिली. "तुमी माराच्या राहिल्या, बाई." मी तीनदा उचलली, तीनदा थांबवली. मी तर दहा दिवसांची शिकाऊ. माझ्या हाताला असं थांबायला कोराडीत कुणी शिकवलं नव्हतं, ते मी घरूनच आणलं होतं. ताईंनी काठी काढून घेतली, रागावल्या नाहीत. "राहू द्या. तुमच्या पोरी लहान हायेत. त्यायले पयल्या दिवसापासून दोन्ही शिकवा. थांबाचं बी, माराचं बी."

सुजाताची पुढे दोन पत्रं आली. दुसऱ्यात स्टेनोची नोकरी लागल्याचं लिहिलं होतं. कौसल्याताई आता नाहीत. तुम्ही जाल तेव्हा मेट्रो असेल, खोली फोनवर मिळेल, आणि कोराडीला लोक देवीच्या दर्शनाला जातात तसं तुम्हीही जाल. जरूर जा. मला मात्र नागपूर म्हटलं की त्या सात काठ्या आठवतात आणि अजून मान खाली जाते. ते काही मी संत्र्यांबरोबर खाऊन संपवू शकले नाही.

परतल्यावरच्या सोमवारी आठवीच्या मुलींना मैदानावर घेतलं. मुख्याध्यापिका हौसेने व्हरांड्यात खुर्ची टाकून बसल्या. मी वर्गातली सर्वांत गरीब स्वभावाची मुलगी बोलावली, तिच्या हातात काठी दिली आणि तिच्यासमोर रिकाम्या हातांनी उभी राहिले. मार म्हटलं. ती हसली. बाकीच्या हसल्या. मी हसले नाही, तशी ती गप्प झाली. "अहो, हे काय चालवलंय?" व्हरांड्यातून आवाज आला. "लागेल ना तुम्हाला!" मी त्या मुलीकडेच बघत राहिले. तिने कितीदा काठी उचलली आणि खाली ठेवली, मोजलं नाही. मधली सुट्टी व्हायच्या जरा आधी मांडीवर सणकन कळ आली आणि डोळ्यांपुढे अंधारी.

पोरीने काठी टाकली होती. तोंडावर हात, डोळे भरलेले. "बाई, लागलं का हो तुम्हाला?"

आयुष्यभर अशा प्रश्नाला मी 'नाही गं' म्हणत आले होते.

"हो," मी म्हटलं. "लागलं. उचल काठी, परत मार."