गोराईची ऑर्डर

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात पूर्वी एक स्वल्पविराम हलवला तरी सगळं ॲप पहिल्यापासून तपासलं जायचं. आम्ही घरपोच औषधांचं ॲप बनवतो. कोडमध्ये कोणीही काही बदललं की सर्व्हरवर आपोआप तपासण्या सुरू होतात: पैसे नीट कापले जातात का, डॉक्टरची चिठ्ठी चढते का, पत्ता सापडतो का. अशा एकेका तपासणीला आम्ही जॉब म्हणतो. सगळे जॉब हिरवे होईपर्यंत माशा मारत बसायचं. मग गेल्या वर्षी ठरलं, की ज्याने त्याने आपल्याला हवेत तेवढेच जॉब निवडावेत. स्क्रीनवर चौकोन आले. हवं तिथे टिक करा, बाकीचं सोडून द्या. ऑफिसात जणू बोनस मिळाला.

मला काही आनंद झाला नाही. यादीत सगळ्यात खाली 'गोराई' नावाचा एक जॉब होता, सगळ्यांत रेंगाळणारा. तो कोणी निवडणार नाही हे मला तेव्हाच दिसत होतं.

तो माझ्या मैत्रिणीने लिहिला होता. ती गोराईची, मी चारकोपची. आम्ही शेजारी बसायचो, एकमेकींचा डबा पळवायचो, आणि दिवसातून एकदा तरी भांडायचो. तिची आई गोराईत एकटी राहायची. एकदा हिने आपल्याच ॲपवरून आईसाठी बीपीच्या गोळ्या मागवल्या. ॲप म्हणालं, वीस मिनिटांत पोचतील. नकाशावर बोरिवलीचं दुकान आणि तिचं घर जवळजवळ दिसतात. मध्ये खाडी आहे हे आमच्या ॲपच्या गावीही नव्हतं. डिलिव्हरीवाला जेट्टीवर उभा राहून फोन करत होता, "मॅडम, आगे तो पानी है!"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग तिला आठवलं, आईच्या गोळ्या खरंच संपल्या होत्या.

"थांब, या नकाशाची वाटच लावते आता," ती म्हणाली, आणि तो जॉब लिहायला बसली. बोरिवलीच्या दुकानातून तिच्या घरी एक खोटी ऑर्डर जायची. ॲपने बोटीचा किंवा भाईंदरवरून फिरून येणाऱ्या रस्त्याचा वेळ धरला तर पास. खाडीवरून उडी मारली तर नापास. पत्ता मात्र खराखुरा टाकला होता: चर्चच्या मागे, विहिरीजवळ, निळं दार. खाली सूचना: बेल नाही, 'आंटी' म्हणून हाक मारा.

मीही तशीच हाक मारायचे. रविवारी बोटीने पलीकडे गेलं की आंटी फुगे, म्हणजे मैद्याचे गोल फुगलेले वडे, तळून ठेवायची, आणि मी ताटाशी बसले की लेकीच्या तक्रारी माझ्याकडे करायची. "हिला सांभाळतेस ना गं तू?" असं दर वेळी विचारायची. मी हो म्हणायचे आणि ही मागून मला चिमटा काढायची. तेवढं सुख मला पुन्हा कुठल्याच घरात मिळालं नाही, माझ्यासुद्धा नाही.

मग तिला कॅनडात नोकरी लागली. विमानतळावर मी तोंड पाडून उभी, तर म्हणते कशी, "नाटकं नको ना यार. आई इथे आहे. मी कुठे जाणार? येतेच." मी ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. सुरुवातीला रोज बोलायचो, मग रविवारी, मग वाढदिवसाला नुसतं केकचं चित्र. तिकडची रात्र ती इकडची सकाळ, त्यात दोष कोणाला देणार? आंटीकडे मी एकदोनदा गेले, पण दोघींनाही तिसरीची जागाच दिसत राहायची. मग जाणं राहून गेलं.

तर, चौकोन आल्यावर गोराईवर टिक करणारी मी एकटीच उरले. बिलाचा नुसता रंग बदलला तरी मी तो जॉब लावायचे. शेजारचा म्हणायचा, "अगं, बिलाचा आणि खाडीचा काय संबंध?" मी म्हणायचे, तू तुझं काम कर ना. स्क्रीनवर ओळी सरकायच्या: ऑर्डर निघाली, बोटीची वाट, ऑर्डर पोचली. ती शेवटची ओळ हिरवी झाली की मला वाटायचं, घर आहे, दार आहे, आई आहे. म्हणजे ती येणार. वेडेपणाच तो. पण दिवस बरा जायचा.

मागच्या महिन्यात आमच्या टीम लीडने कोणी वापरत नसलेले जॉब काढायला घेतले. "हा गोराई कोणाला हवाय रे? उडवू?" मी ताडकन उठले. खाडीपलीकडची माणसं माणसं नाहीत का, त्यांना औषधं लागत नाहीत का, असं बरंच काही बोलले. आवाजही चढला असावा. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "करेक्ट आहे तुझं. मग हा ऑप्शनल कशाला? सगळ्यांना कम्पल्सरीच करून टाकू."

दुसऱ्या दिवशी गोराईचा चौकोन करडा झाला होता. टिक आधीच झालेली. दाबून काही हलेना. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! लढाई मी जिंकले होते आणि माझ्या हातात करायला काही उरलं नव्हतं.

निदान तिला कळवायला निमित्त मिळालं. मी लिहिलं, "तुझा गोराईचा जॉब आता सगळ्यांना सक्तीचा झाला. पार्टी दे."

सकाळी उत्तर आलं. "अजून आहे तो? कमाल आहे! अगं, सांगायचंच राहिलं, आईला इकडे घेऊन आले. वर्ष होत आलं. मजेत आहे ती. गोराईचं घर विकलं."

मी लिहिलं, "छान केलंस गं. आंटीला एकटं वाटायचं." त्यातलं दुसरं वाक्य खरं होतं.